उठता आलं असतं

लिफ्टच्या उंबऱ्यात व्हीलचेअरचं पुढचं चाक अडकलं, तेव्हा खुर्चीतल्या मुलीच्या पायांना काहीही झालेलं नव्हतं. सकाळीच ती घरचा जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली होती.

हॉस्पिटलच्या प्रशासनात ती नुकतीच लागली होती. अजून कायम व्हायची होती, आणि त्यासाठी काहीतरी करून दाखवायला हवं होतं. पेशंटचे हाल ऑफिसात बसून कळत नाहीत, आपणच एक दिवस गुपचूप पेशंट होऊन बघू, ही कल्पना तिचीच. मोठ्या मॅडमनी पाठ थोपटली, तेव्हापासून बाईसाहेब जरा हवेतच होत्या. तोंडावर मास्क चढवून त्या आज ऐटीत खुर्चीत बसल्या होत्या.

"ढकलू का?" मागून आवाज आला.

गळ्यात शिट्टी, पायांत खेळाचे बूट... शाळेतून तसाच निघून आलेला पीटीचा मास्तर होता तो. त्यानं खुर्ची अलगद मागे कलती केली आणि चाक सुटलं.

"कुठे जायचंय?"

"एक्स-रेला. पण तुम्ही कशाला उगाच—"

"दिवसभर पोरांना पळवतो मी. आज कुणाला तरी बसवून नेतो, तेवढाच बदल."

कॉरिडॉर लांबलचक होता, आणि आणखी लांब असता तरी तिची तक्रार नव्हती. वळण आलं की तो हळूच शिट्टी फुंकायचा, लोक बाजूला व्हायचे, ती ओशाळून मान खाली घालायची... आणि पुढच्या वळणाची वाट बघायची. चाकं फिरवून तिचे तळवे काळे झाले होते. न मागता त्यानं रुमाल पुढे केला.

"कुणाला घेऊन आलात?" तिनं विचारलं.

"आईला. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांना दाखवायचंय. बाकावर बसलीये, व्हीलचेअर रिकामी व्हायची वाट बघत. शेवटची तुम्हाला मिळाली ना." तो अगदी सहज म्हणाला. "तीच म्हणाली, पोर एवढीशी आहे, आधी तिला पोचव."

तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. उठायला हवं होतं, तिथल्या तिथे. पण खोटं उघडं पडलं असतं, आणि मागे उभा होता तो... तो काय म्हणेल? एवढा विचार होईस्तोवर एक्स-रेचं दार आलं आणि तो "काळजी घ्या" म्हणून गेलाही.

थोड्या वेळानं ते दोघं समोरून आले. आईचा एक हात त्याच्या खांद्यावर, दुसरा भिंतीवर. दोन पावलं टाकायची, थांबायचं, ओठ दाबायचे.

"झालं का गं तुझं?" आईनं तिलाच हसून विचारलं.

तिनं नुसती मान हलवली. तेव्हाही ती बसूनच होती. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला वाटलं, पण खुर्ची काही सुटली नाही.

पुढच्या आठवड्यात तो थेट तिच्या टेबलापाशी आला. मास्क नव्हता, म्हणून त्यानं ओळखलं नाही.

"इथे व्हीलचेअरवर एक मुलगी येते. तिला एवढे द्याल?" त्यानं हातमोजे पुढे केले. "चाकांनी हात सोलवटतात तिचे. नाव विचारायचं राहिलं. डोळे... म्हणजे साधारण तुमच्यासारखेच."

आवाज ओळखेल म्हणून ती खोटंच खोकली.

"सर्दी झालीये वाटतं. जपा हं," म्हणून तो गेला. हातमोजे मऊ होते. तिला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

महिनाअखेरीस पेशंट आणि नातेवाइकांची सभा भरली. दुसऱ्या रांगेत तो होता, शेजारी आई. मॅडमनी कौतुकानं ओळख करून दिली, "हिनं एक दिवस पेशंटचे हाल सोसले."

ती उठली. लिहून आणलेलं भाषण तिनं खुर्चीवरच ठेवलं.

"मी हाल सोसले नाहीत. मी ते केले," ती म्हणाली. "शेवटची व्हीलचेअर अडवून बसले. एका आईंना भिंत धरून चालावं लागलं, आणि ते कळल्यावरही मी उठले नाही. मला उठता आलं असतं."

आवाज ऐकताच त्याची मान वर झाली. मॅडमचा चेहरा उतरला. "कायम करण्याचं नंतर बघू," एवढंच त्या म्हणाल्या.

सभा संपल्यावर ती लिफ्टपाशी आली. आई आज व्हीलचेअरमध्ये होती, तो मागे.

तिनं हातमोजे पुढे केले. "हे... तुमचे."

"सर्दी बरी झाली?" त्यानं विचारलं. तिला मान वर करवेना.

"माझा राग गेलेला नाही," तो म्हणाला.

"जायला नकोच."

"तुमच्यासाठी मी तीन दुकानं हिंडलो. आणि तुम्ही खोकलात."

"अरे, पुरे," आई म्हणाली. "सगळ्यांसमोर बोलली ना ती? चाक अडकलंय बघ उंबऱ्यात."

त्यानं हातमोजे घेतले नाहीत. तो नुसता बाजूला सरला. तिनं ते हातांत चढवले, खुर्ची अलगद मागे कलती केली आणि चाक सुटलं.

लिफ्टचं दार लागता लागता तो समोर बघतच म्हणाला, "दर सोमवारी आईला व्यायामाला आणायचंय. मी नसलो तर—"

"तुम्ही या," ती घाईनं म्हणाली, आणि मग हळूच, "मी दारात उभी असेन."