गाडीला धक्का मारायचा नाही

मिथुननं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तलावाच्या पाळीवर उभी राहून माझ्याच गाडीला शिव्या घालत होते. पौषातली पहाट, तलावावर धुकं, आणि गाडीत रंभाबाई आणि तिच्या जोडीच्या बाया मासोळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या. मी किल्ली फिरवायची, गाडी घर्रर्र-घर्रर्र करायची, मागून पांढरा धूर सोडायची आणि पुन्हा गप्प.

"चालू नाई होत का?" मोटरसायकलवरून कुणीतरी विचारलं.

"नाई, आमी इथी फोटो काढून राह्यलो."

तो हसला. गळ्याभोवती मफलर, हाताला काळं ग्रीस, आणि चेहऱ्यावर असा भाव, जणू ही गाडी त्याच्याचसाठी बंद पडली आहे. घरी पाहुणे आले होते म्हणून पाळीवर मरळ मासा घ्यायला आला होता म्हणे.

"ताई, मी मिस्त्री आहो. मूल गावाले गॅरेज हाये माह्यं. जरा बोनट उघडा."

"ताई कोणाले म्हणता?"

तो पुढं काही बोलणार तोवर तलावावरून परतणारी माणसं येऊन गाडीला भिडलीसुद्धा. आमच्या गावाची जुनी रीत आहे. अडलेल्या गाडीला हात लावल्याशिवाय कुणी पुढं जात नाही. बैलगाड्यांच्या काळापासूनची रीत, ती माझ्या डिझेल गाडीलाही लागू झाली. मिथुन ओरडला, "धक्का नका मारू! अशा गाडीले धक्का मारत नाई!" पण कोण ऐकतं? पाळीच्या उतारावर गाडी घरंगळली, खोकली आणि सुरू झाली. मी खिडकीतून हात हलवला. तो मरळ हातात धरून तसाच उभा होता.

आता माझ्याविषयी सांगते. मी दिव्यानी. आमचं घर पाळीलाच लागून, तलावावर जगणारं. बाबा, म्हणजे केवळराम, अंधारातच जाळं काढतात, आणि गावातल्या बाया ती मासोळी मूलच्या बाजारात नेतात. ऊन वर यायच्या आत टोपल्या हर्रासाला, म्हणजे लिलावाला, लागल्या तर भाव, नाहीतर मग हातातोंडाची गाठ पडणं कठीण. म्हणून मी ही जुनी डिझेल गाडी घेतली. बाबांना ते पसंत नव्हतं. पोरीनं गाडी हाकायची, तीही मासोळीची, लोक काय म्हणतील! गाडी दारात आली तेव्हापासून त्यांनी गाडी हा शब्दच टाकून दिला होता. मला म्हणायचे, "थे तुह्यं."

पण बाया खूश होत्या. आणि ड्रायव्हरच्या शेजारची सीट रंभाबाईची होती. तिथं कुणी बसायचं नाही, अगदी तिचा नवराही नाही. गाव हे जाणून होतं.

थंडी वाढली आणि गाडी रुसायला लागली. दिवसा ठीक, पहाटे मात्र हट्टी. दोनदा हर्रास चुकला. मिथुन भेटला त्याच दिवशी बाजारातून परतताना रंभाबाई समोर बघत म्हणाली, "पोरी, तुह्यावर माया हाये माह्यी. पण मासोळीले माया समजत नाई. येत्या रविवारच्या बाजाराले गाडी टायमावर नाई निंगाली, तं आमी त्या प्रवीणची पिकअप सांगू."

प्रवीणची पिकअप! म्हणजे माझी गाडी अंगणात उभी राहणार आणि बाबा एक शब्दही न बोलता जिंकणार.

मी बायांना गावात सोडलं आणि गाडी सरळ मिथुनच्या गॅरेजवर नेली.

भर दुपार, गाडी उन्हात तापलेली. त्यानं किल्ली फिरवली न फिरवली तोच सुरू. मला अगदी खोटं पडल्यासारखं झालं. आजारी माणूस डॉक्टरसमोर गेला की टुणटुणीत दिसतो, तसं.

"सकाळी पाह्यलं ना तुमी?" मी चिडूनच विचारलं.

"पाह्यलं... सगळंच पाह्यलं."

आणि हे म्हणताना तो इंजिनाकडे बघत नव्हता.

पण कामाला लागल्यावर मात्र गडी शहाणा. बॅटरी तपासली, ठणठणीत. डिझेलच्या फिल्टरमधलं पाणी काढलं. मग ग्लो प्लग काढून दाखवले. डिझेल गाडीत थंडीच्या दिवसात सुरू व्हायच्या आधी हेच प्लग इंजिनाला आतून शेक देतात. त्यातले काही जळाले होते. त्यानं नवे बसवले, हात पुसले आणि छाती काढून म्हणाला, "उद्या पहाटे एका फटक्यात."

"अन् नाई झाली तं?"

"तं गॅरेजचा बोर्ड उतरवतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याला फोन लावला.

"हॅलो?" झोपेतला आवाज.

"बोर्ड उतरवा."

पलीकडे पांघरूण झटकल्याचा आवाज. मग, "आलो."

तो आला, पण तोवर गावानं आपली रीत पाळली होती. गाडी पाळीवरून ढकलून सुरू झालेली, बाया बसलेल्या. मिथुननं डोक्याला हात लावला.

"आवो, मले गाडी थंड पायजे. रातभर उभी असलेली, कोणी हात न लावलेली. गरम गाडीचं दुखणं दिसत नाई."

"मंग लवकर येत जा."

"किती लवकर?"

"मी उठतो तवा."

"अन् तुमी कवा उठता?"

"येऊन पाहा."

हे मी का बोलले, कोण जाणे. पण बोलले, आणि मला वाईट अजिबात वाटलं नाही. टोपल्यांमागून बाया फिदीफिदी हसल्या.

तो रोज येऊ लागला आणि रोज उशीर व्हायचा, कारण मूलहून इथवर धुक्यातून यायचं आणि आमच्या गावाची माणसं कोंबड्याआधी उठणारी. मग गाडी गेली की तो आमच्या ओट्यावर चहा प्यायचा. मी बाजारातून परतले की त्याचा फोन यायचा, गाडीनं धूर किती सोडला, आवाज कसा केला, आणि मग हळूच, तुमी जेवल्या का? एकदा लक्षात आलं, हल्ली तो मला ताई म्हणत नाही. कधीपासून थांबला, ते मला आठवेना, आणि त्या विचारानं मी भात करपवला.

रविवार जवळ आला. शनिवारी मी हटून बसले. पहाटे नावेचा बांबू हातात घेऊन गाडीपुढं उभी राहिले. कुणी जवळ आलं की बांबू आडवा.

"गाडीले धक्का मारायचा नाई! हात तोडीन!"

मिथुन आला आणि मला तसं पाहून मोटरसायकलवरच थबकला.

"मले बी मारता का?"

"बोर्ड नाई उतरवला, म्हणून माराले पायजे. उतरा खाली."

पहिल्यांदाच त्याला गाडी थंड मिळाली. त्यानं आपलं तपासायचं यंत्र जोडलं, तारांवर मीटर लावला. डॅशबोर्डवर वेटोळ्यासारखा पिवळा दिवा लागला आणि शहाण्यासारखा विझला.

"दिवा म्हणते, शेक देऊन झाला," तो पुटपुटला. "पण प्लगपर्यंत करंट जाऊनच नाई राह्यला. मधात कुठीतरी तुटलं हाये... टॉर्च धरा जरा."

मी टॉर्च धरून वाकले. तोही वाकला. दोघांची डोकी बोनटखाली, वाफेत वाफ मिसळत होती. त्याच्या मफलरला डिझेलचा आणि साबणाचा वास येत होता. मी खोल, आणखी खोल डोकावले आणि वर आले, तर तो माझ्याकडेच पाहत होता. त्याचा हात माझ्या केसांकडे आला... मी हलले नाही. हलायचंच नव्हतं मला.

त्यानं केसांतून धानाच्या वाळल्या पेंढ्याची एक काडी काढली.

"तणस," तो म्हणाला.

"तणस? मी तं आज तणसाजवळ गेलीच नाई."

"मंग आलं कुठून?"

दोघांनी एकदमच इंजिनाकडे पाहिलं. मी काडी त्याच्या हातातून घेतली. तिचं टोक बारीक कुरतडलेलं होतं.

"वरचं झाकण काढा," मी म्हटलं. "उंदीर हाये."

त्यानं इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण उचललं. आत अगदी सजवलेलं घर! तणस, धानाच्या लोंब्या, बाबांच्या फाटक्या जाळ्याचा निळा दोरा, आणि मधोमध प्लगकडे जाणाऱ्या तारा, दातांनी सोललेल्या. तेवढ्यात घरमालकीण उडी मारून बाहेर आली आणि मूलचा नामांकित मिस्त्री "आई वो!" असं किंचाळून माझ्या दंडाला बिलगला.

मी पोट धरून हसले. उंदीर केव्हाच पसार झाला होता. त्याचा हात मात्र माझ्या दंडावरच होता, आणि मीही त्याला आठवण करून दिली नाही.

"पण उंदराले गाडीवर तणस आणून देते कोण?" तो म्हणाला.

"मी."

मागे बाबा उभे होते. खांद्यावर जाळं, ओले पाय. मिथुननं हात झटकन काढला. पण बाबा आमच्याकडे पाहतच नव्हते, गाडीकडे पाहत होते.

"रातचं थंड पडते," ते म्हणाले. "म्हशीखाली तणस टाकतो, बैलाले झूल घालतो. हिनं काय पाप केलं? म्हणून तू निजली का बोनटवर तणस घालत होतो, वरून गोणपाट. अन् तू उठाच्या आंधी काढून घेत होतो."

"मले काऊन नाई सांगतलं, बाबा?"

"सांगतलं असतं तं तू म्हणली असती, बाबा हारला."

ज्या गाडीचं नाव बाबांनी कधी घेतलं नाही, तिला ते रोज रात्री पांघरूण घालत होते. आणि त्याच पांघरुणानं तिचा घात केला होता! मी बाबांना बिलगले. ते म्हणाले, "सोड वो, अंग ओलं हाये," पण स्वतः काही सोडलं नाही.

मिथुननं घसा खाकरला. "काका, गरम इंजिनावर तणस पेटते. आता झाकू नका."

"नाई झाकत," बाबा अपराधी लेकरासारखे म्हणाले.

त्यानं तारा बदलल्या, वरून जाड नळी चढवली. तणसाचा ढीग बाबांनी स्वतः गोठ्यामागे हलवला. रंभाबाईनं आपल्या पिशवीतली तंबाखूची पानं काढून दिली, इंजिनाजवळ बांध म्हणाली, उंदीर वासानं फिरकत नाही. एवढं मोठं दान तिनं आजवर कुणाला केलं नव्हतं.

संध्याकाळी मिथुन निघाला. पाना पिशवीत टाकला, काढला, पुन्हा टाकला.

"उद्या एका फटक्यात होते. माह्यी गरज नाई."

"बरं."

"म्हणजे... आता यायले कारण नाई उरलं."

"कारण लागते का तुमाले?"

त्यानं मफलर आवळला. मोटरसायकलला किक मारून निघून गेला. जगातल्या सगळ्या इंजिनांचा आवाज ओळखतो, पण समोर उभी असलेली पोरगी काय म्हणते ते नाही! मला इतका राग आला की मी रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

रविवारची पहाट. टोपल्या चढल्या, बाया बसल्या, रंभाबाई आपल्या सीटवर. सारं गाव बाह्या सरसावून गाडीमागे उभं, ढकलायला तयार. बाबा मध्ये आडवे झाले.

"कोणी हात नाई लावायचा. माह्या पोरीची गाडी हाये."

गाडी म्हणाले. माझी म्हणाले.

मी किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला. थांबले. विझला. मी डोळे मिटले आणि पुढची किल्ली दिली.

एकच फटका. ना घर्रर्र, ना धूर. रंभाबाईनं माझ्या मांडीवर अशी थाप मारली की पाय ब्रेकवरून सुटता सुटता राहिला. प्रवीणची पिकअप आता प्रवीणलाच लखलाभ.

पाळीच्या टोकाला धुक्यात एक मोटरसायकल उभी होती. शेजारी मफलर. मी गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवून उतरले.

"आता काऊन आले?"

"नाई आलो... म्हणजे, जाऊन राह्यलो होतो. गाडी बंद पडली. थंडीनं."

मी त्याला बाजूला सारलं आणि किक मारली. एकाच किकमध्ये मोटरसायकल गुरगुरली. मी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं. थंडीतही त्याचे कान लाल झाले.

"खरं बोला."

"खरं म्हणजे... पाळीवर तुह्या गाडीचा आवाज आयकला नाई, तं माह्यी सकाळ होत नाई आता. बोर्ड राहू दे नाई तं उतरव, पण मले येऊ दे. रोज."

"हे गॅरेजमंदी पाठ केलं का?"

"रस्त्यानं."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. लाजून खाली बघणं वगैरे मला जमत नाही, मी तशी नाहीच. "मिथुन," मी म्हटलं, "तू मले आवडते. पहिल्या दिवशी ताई म्हणला तवापासून राग हाये, अन् तवापासूनच आवडते. पण मासोळीचा वास जन्मभर राहीन, सांगून ठेवतो."

"मी डिझेलचा माणूस आहो. चालते मले."

गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला. रंभाबाई तिच्या सीटवरून खाली उतरत होती. लुगडं सावरून ती मागे गेली, टोपल्यांमध्ये जागा करून बसली. बाया आ वासून बघत राहिल्या.

"पाहता काय?" ती ओरडली. "बस गा पोट्ट्या समोर! हर्रास कोणासाठी थांबत नाई."

मिथुननं मोटरसायकल तिथंच पाळीवर सोडली आणि माझ्या शेजारी येऊन बसला. मी गियर टाकला. मूलच्या रस्त्याला वळताना सहज आरशात पाहिलं. बाबा पाळीवरून चालत मिथुनच्या मोटरसायकलजवळ आले होते. त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, टायर दाबून पाहिलं, आणि खांद्यावरचं गोणपाट काढून तिच्या सीटवर नीट पांघरलं.