कणगीतल्या दोन काती

सोमवारी सकाळी सव्वानऊला पौडच्या वनविभागाच्या कार्यालयातला फोन वाजला. वनपाल शुभांगी शेडगेने उचलला.

“माझा साप चोरीला गेलाय,” पलीकडचा माणूस म्हणाला. “आणि चोरही सापडलाय.”

अर्ध्या तासात ती मालेजवळच्या त्या बंगल्यावर पोचली.

फोन करणारा अनिमेष वैरागडे मूळचा नागपूरचा, हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत होता. आठवडाभर तो तिथल्या फ्लॅटमध्ये राही, शनिवार-रविवार इथे. बायकोने घरात साप ठेवू दिला नव्हता, म्हणून साप बाराही महिने इथेच. आफ्रिकेतला बॉल पायथन, बिनविषारी. घाबरला की अंगाची गुंडाळी करून बसे, म्हणून त्याचं नाव लाडू.

आपल्याकडचा साप पाळणं हा गुन्हा. असला परदेशी साप पाळता येतो, पण सरकारी पोर्टलवर फोटोसकट नोंद हवी. त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. ती केव्हाच संपली. अनिमेषने मुदतीत नोंद केली होती. येत्या बुधवारी शुभांगी पशुवैद्याला घेऊन तपासणीला येणार होती. तशी नोटीस शुक्रवारीच गेली होती.

आणि सोमवारी साप गायब.

दिवाणखान्यात पौड ठाण्याचे हवालदार हैबतराव बसले होते. अनिमेषच्या शेजारी त्याचा मित्र मनीष होता, हिंजवडीचाच, सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांच्या ग्रुपमधला जाणकार. दाराबाहेर पायरीवर बंगल्याचा राखणदार कुशाबा उकिडवा बसला होता.

“मॅडम, केस सरळ आहे,” हैबतराव म्हणाले. “कुलूप शाबूत. चावी याच्याकडं. सकाळी याच्या वाडीवर जाऊन झडती घेतली, तर भाताच्या कणगीत हे.”

त्यांनी टेबलावर कागदाची पिशवी उपडी केली. सापाच्या दोन काती बाहेर पडल्या.

मनीष पुढे वाकला. “हे कुठून आलं?”

“सांगितलं की, कणगीतनं.”

मनीष परत मागे टेकला. शुभांगी आतल्या खोलीत गेली.

काचेची पेटी स्वच्छ होती. पाण्याचं भांडं भरलेलं, लपायची लाकडी खोबणी जागेवर. पेटी ज्या टेबलावर होती त्याच्यावर बारीक धूळ. तिने पेटी एका बाजूने उचलून पाहिली. खाली वहीच्या आकाराचा चौकोन लख्ख होता. तिथे धूळ नव्हती. भिंतीवरचा प्लग रिकामा होता.

“काय काय गेलंय?” बाहेर येऊन तिने विचारलं.

“फक्त लाडू,” अनिमेष म्हणाला.

“शेवटचा कधी पाहिला?”

“काल दुपारी. चारला मी निघालो. आज ऑफिसला जायचं नव्हतं म्हणून सकाळी सातला परत आलो, तर पेटी रिकामी. मॅडम, जानेवारी आहे. त्याला तीस डिग्री लागते. दोन रात्री थंडीत काढल्या तर मरेल तो!”

“होईल काहीतरी,” मनीष म्हणाला. “टेन्शन नको घेऊ. कुणाला विकला, ते याच्याकडून वदवून घ्या म्हणजे झालं. ही वाडीवरची माणसं सापाला भीत नाहीत, मॅडम. यांचा धंदाच तो.”

“धंदा?” पायरीवरून आवाज आला. “आमी भात लावतो, मालक. साप न्हाई.”

शुभांगी बाहेर जाऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

“कुशाबा, काती कुणी दिल्या?”

“साहेबानं. टाकून देत हुतं. म्या मागितल्या.”

“कशाला?”

“कणगीत कात ठिवली की उंदीर फिरकत न्हाई. आमच्यात ठिवत्यात. एक पावसाळ्यातली हाय, दुसरी दत्तजयंतीच्या आसपासची.”

“खरं आहे,” अनिमेष आतून म्हणाला. “मीच दिल्या. पण म्हणून तो चोर नाही असं होत नाही ना.”

“खायला कोण घालायचं?” शुभांगीने कुशाबाला विचारलं.

“म्या. फ्रीजातला उंदीर कोमट पान्यात धरायचा आन चिमट्यानं दावायचा. आदी लगी घ्यायचं. दिवाळीनंतर पंधरा दिस तोंडच लावीना. म्या साहेबाला म्हनलं, ह्ये जनावर ते न्हाई. साहेब हसलं.”

“दिवाळीत तू इथे होतास?”

“न्हाई बाई. भातकापनी हुती. साहेब नागपूरला. ह्ये साहेब येऊन जनावर घिऊन गेलं, आन सा दिसांनी आनून ठिवलं.” त्याने हनुवटीने मनीषकडे दाखवलं.

“माझ्या सांगण्यावरूनच,” अनिमेष म्हणाला. “आठवडाभर सांभाळायला.”

“कुशाबा, घरी लाईट आहे?”

“एक बल्ब हाय.”

“प्लग?”

“त्यो कशाला?”

हैबतराव उठले. “मॅडम, उलटतपासणी ठाण्यात करू. याला आज आत घेतो. सायबांचा लेखी अर्ज आहे.”

कुशाबा उठला नाही. त्याने फक्त उपरणं घट्ट धरलं. “हवालदार, सकाळी तुमी वाडीवर आला तवा सगळी वाडी गोळा झालती. धाकट्या लेकीला बघाया पावणे आलं हुतं. ते चा न पिताच उटलं.”



“दहा मिनिटं थांबा,” शुभांगी हैबतरावांना म्हणाली. तिने दोन्ही काती पुन्हा पिशवीत घेतल्या, बाहेर जीपपाशी जाऊन एक फोन केला, आणि बॉनेटवर काती पसरून बराच वेळ काहीतरी पाहत राहिली. हातात नोंदणीच्या फाइलमधला फोटो होता.

दहाऐवजी पाऊण तास लागला. मग ती आत आली.

“अनिमेष, पेटीखालची हीटिंग मॅट कुठे आहे?”

अनिमेष धावत आत गेला. परत आला तेव्हा गोंधळलेला होता. “नाहीये. प्लगसकट गेलीय. माझ्या लक्षातच आलं नाही.”

“चोराने साप नेला आणि मॅटही. का? साप मारायचा असता, टाकून द्यायचा असता, तर मॅट कशाला? ज्याला तो थंडीत जगवायचा होता त्याने ती नेली. आणि कुशाबाच्या घरात ती लावायला प्लग नाही.”

“विकत घेणाऱ्यासाठी नेली असेल,” मनीष म्हणाला.

“असेल. म्हणून काती पाहिल्या.” तिने टेबलावर फोटो ठेवला, दोन्ही बाजूंना एकेक कात. “या सापाच्या अंगावरची नक्षी जन्मभर तीच राहते. आपल्या बोटांच्या ठशांसारखी प्रत्येकाची वेगळी. कातीवरही ती पुसट उमटते. उजेडात धरली की दिसते. फोटोत मानेमागचे दोन ठिपके जोडलेले आहेत, मराठी चारच्या आकड्यासारखे. पावसाळ्यातल्या कातीत ते तसेच आहेत. आता ही दत्तजयंतीची पाहा.”

अनिमेषने कात खिडकीकडे धरली. बराच वेळ धरली.

“इथे... इथे चार नाहीये.”

“कारण हा तुमचा लाडू नव्हता. कुशाबाला ते उंदीर दाखवताना कळलं. तुम्ही रविवारचे मालक, तुम्हाला नाही कळलं. साप बदलला तो दिवाळीत.”

हैबतरावांची मान हळूहळू मनीषकडे वळली.

“मॅडम, तो स्वतःही बदलू शकतो,” मनीष अनिमेषकडे बोट दाखवत म्हणाला.

“मलाही आधी तसंच वाटलं. पण ज्याला बदललेला साप लपवायचाय तो त्याची कात स्वतःच्या हाताने दुसऱ्याला देईल? आणि मग त्याच माणसाच्या घराची झडती मागेल? काती कुशाबाला दिल्यात हे तुम्हा तिघांत फक्त एकाला माहीत नव्हतं. त्या टेबलावर पडल्या तेव्हा ‘कुठून आलं’ असं विचारणाऱ्याला.”

ती मनीषकडे वळली.

“दिवाळीत इथे कुणी नव्हतं, म्हणजे चावी तुमच्याकडे होती. दुसरी करून घ्यायला एक दिवस पुरतो. लाडू तुमच्याकडे असताना मेला. मृत्यू कळवणं मालकावर बंधनकारक, म्हणजे अनिमेषला सांगणं भाग. तुम्ही तसाच दिसणारा दुसरा आणून ठेवलात. बिननोंदीचा. बुधवारी मी फोटो जुळवला असता, तर तो कुठून आला हे विचारलं असतं. मग तुमच्या घरातले असेच बिननोंदीचे बाकीचे साप निघाले असते. म्हणून काल चारनंतर तो नेलात आणि आज सकाळी कुशाबाचं नाव पुढे केलंत.”

“पुरावा?”

“इतक्या थंडीत साप हरवलाय आणि एवढ्या जाणकार माणसाला काळजी नाही, तेव्हाच मला शंका आली. पुरावा तुमच्या फ्लॅटमध्ये आहे. मी फोन केला तेव्हा आमचे रेंजर साहेब हिंजवडीजवळच घोटावड्यात होते. आता पंच घेऊन तुमच्या दारात उभे आहेत. किल्ली नसेल तर कुलूप तोडतील. सगळी दारं-खिडक्या उघडून झडती घेतील.”

मनीष चटकन उभा राहिला.

“खिडक्या नको!” तो म्हणाला. “प्लीज, त्यांना सांगा. बेडरूममध्ये सापांच्या टबांचा रॅक आहे, त्यातला सगळ्यात वरचा टब. कात टाकायला आलाय तो, थंड हवा लागली तर...” तो थांबला. मग खाली बसला. “एका रात्री इन्व्हर्टर बंद पडला होता. सकाळी पाहिलं तर लाडू गार. अनि, मी तुला सांगणारच होतो.”

“बाकीचे किती?” शुभांगीने विचारलं.

“अकरा.”

त्याने खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. हैबतरावांनी त्या उचलल्या आणि दंडाला धरून त्याला जीपकडे नेलं.

अनिमेष बाहेर पायरीवर आला. हातात पोलिसांना दिलेल्या अर्जाची प्रत होती. त्याने ती कुशाबासमोर फाडली.

“चुकलं माझं, कुशाबा. उद्यापासून ये कामाला. पगार वाढवतो.”

कुशाबाने फाटक्या कागदाकडे पाहिलं.

“हितं फाडून काय उपेग, साहेब? हितं कोन बघतंय? पोलीस तितं आलतं, सगळ्यांम्होरं.”

“मग?”

“तुमी बी तितं या. पावण्यांच्या घरी बी. तुमच्या तोंडानं सांगा.”

“आत्ता?” अनिमेषने घड्याळ पाहिलं. “साडेअकराला माझा कॉल आहे.”

“मी जीपने सोडलं असतं,” शुभांगी म्हणाली, “पण ती आत्ता भरलीय. चढ तासाभराचा आहे.”

कुशाबा उठून चालायला लागला होता. मागे वळून पाहत नव्हता.

अनिमेषने फोन बंद केला, बूट घातले आणि दाराला कुलूप न लावताच त्याच्या मागे निघाला.