घरची लहर

मिरजेत आता स्थळ बघायला गेलं की पत्रिकेच्या आधी लहरपट मागतात. लहरपट म्हणजे विसावलेल्या मेंदूची नोंद. माणसाला यंत्रात आडवं करायचं, डोळे मिटायला सांगायचं आणि काही न करता आठ मिनिटं पडू द्यायचं. निवांत मेंदूतही रक्त हलक्या लाटांनी चढत-उतरत असतं. वीस-पंचवीस सेकंदांत पुरी होते ती संथलहर, मिनिटभर घेते ती अतिसंथलहर. या लाटा वेगळ्या मोजता येऊ लागल्या आणि लक्षात आलं, की स्किझोफ्रेनियात ठरावीक जागी ठरावीक लयीची लहर तेवढी बिघडते. मग दुरुस्तीही तेवढीच करायची ठरली. सोयरीक मोडायला या नोंदीचा उपयोग होईल हे मात्र कुणा शास्त्रज्ञाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते आपल्या लोकांना बरोबर सुचलं.

रेश्मा तोडकरांना सोयरिकीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना मुलाच्या डोक्यातले दोन पुरुष घालवायचे होते. ओजस तीस वर्षांचा होता, आणि गेली अकरा वर्षं ते दोघं त्याच्याविषयी आपसात बोलत असत. गोळ्यांनी त्यांचा आवाज खाली यायचा, पण ते जायचे नाहीत.

लहरकेंद्रातल्या डॉ. नाझनीन मुजावर वयाने लहान होत्या आणि समजावून सांगायला त्यांना आवडायचं.

"मावशी, याला आम्ही लहरजोड म्हणतो. निरोगी माणसाच्या विसाव्याची संथलहर नोंदवायची आणि टोपीतून रोज दोन तास ओजसच्या मेंदूला लावायची. झोपाळ्याला हलका हात लावत राहिलं की तो आपल्या तालावर येतो ना, तसं. चाळीस दिवसांत मेंदू ती लय धरतो."

"आणि निरोगी माणूस कोण?"

"आमच्याकडे दात्यांच्या नोंदी आहेत. अनोळखी माणसाची लहर घ्या, असं मी सुचवेन."

"परक्याची कशाला? मी आहे की! त्याला रक्त लागलं असतं तर मी घरात असताना बाहेरून आणलं असतं का?"

घरच्या लहरीतून लयीबरोबर आणखी काय येईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी दोनदा समजावलं. रेश्माताई ऐकेनात. शेवटी त्यांचा लहरपट काढला, तर तो इतका स्थिर आणि नितळ निघाला की डॉक्टरच हरखल्या. इतका शांत मेंदू त्यांनी पाहिला नव्हता.

एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी ओजस चहा घेताना थबकला. "आई, घरात पंख्याचा आवाज येतो होय गं? मला ठाऊकच नव्हतं."

रेश्माताई नळ सोडून भांडी घासायला लागल्या, आणि त्या आवाजाआड पोटभर रडल्या.

पुढचे दिवस स्वप्नातल्यासारखे गेले. ओजस तंबोऱ्यांच्या कारखान्यात भोपळे घासायला जाऊ लागला. कपड्यांना लाकडाचा भुसा लागायचा आणि रेश्माताई तो झटकायच्या आधी हुंगून बघायच्या. एवढं सुख त्यांना पेलत नव्हतं.

मग एका संध्याकाळी त्याने दोघांच्या त्या घरात जेवायला तीन ताटं घेतली.

"कोण येणाराय रे?"

"यायचाय तो अजून," ओजस म्हणाला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी रेश्माताईंनी त्याला केंद्रात नेलं. ते दोघं परत आले असणार, अशी त्यांना भीती होती.

लहरपटात ते कुठेच नव्हते. डॉक्टरांनी विचारलं, "ओजस, कुणाची वाट बघतोस?"

"नाव नाही येत. एकोणीस वर्षांचा असेल. चपला न घालताच बाहेर पडलाय. जेवलेला नसणार." तो अगदी शांतपणे बोलत होता. "मला काही ऐकू येत नाही, डॉक्टर. नुसतं आत लागून राहिलंय."

डॉ. नाझनीननी पडद्यावर रेश्माताईंचा जुना लहरपट शेजारी लावून पाहिला. मग रेश्माताईंकडे वळल्या. "मावशी, यंत्रात पडला होतात तेव्हा मनात काय होतं?"

"काही नाही. तुम्हीच तसं सांगितलं होतं."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे रोजचंच. तो आला का, एवढंच." त्या गोंधळून म्हणाल्या, "त्याला काय विचार म्हणतात?"

अकरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ओजस न जेवता, अनवाणी घराबाहेर पडला होता आणि परतला तो त्या दोघांना डोक्यात घेऊन. तेव्हापासून वाट बघणं हाच त्याच्या आईच्या मेंदूचा विसावा झाला होता. म्हणून तर तो इतका स्थिर होता. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ही लहर पुसून परक्याची बसवता येईल, त्यांनी सांगितलं, पण पुसायला लागणाऱ्या तीन आठवड्यांत ते दोघं परतू शकतात, आणि दुसऱ्यांदा जोड धरेलच याची खात्री नाही.

"पुसू नका," ओजस म्हणाला. "ते दोघं अकरा वर्षं मला सांगत होते, तुझी कुणी वाट बघत नाही म्हणून. किती खोटं होतं ते आता कळतंय मला."

रेश्माताईंना राहवेना. "अरे, ज्याची वाट बघतोस तो तूच आहेस की! आलास ना घरी?"

ओजसने त्यांचा हात हातात घेतला. "मी बरा झालो, आई. पण तो एकोणीस वर्षांचा होता. तो कुठे आलाय?"

मुलगा बरा झाल्यावरही रोज दिवेलागणीला रेश्माताईंची नजर गल्लीच्या वळणाकडे जायची. जुनी सवय असेल, असं त्या स्वतःला बजावत आल्या होत्या. आता मुलाने सांगितल्यावर कळलं, की ती सवय नव्हती.

त्या संध्याकाळी त्या पायरीवर गेल्या. ओजस सरकला, त्या शेजारी बसल्या. गल्लीतली पोरं आपापल्या घरी गेली, समोरच्यांनी दार लावून घेतलं. दोघंही वळणाकडे बघत होती.

मग ओजस म्हणाला, "तू जेवून घे, आई. मी थांबतो त्याच्यासाठी."