नकाटोचं नाव

ओटावातल्या बसस्टॉपवर माझा पाय बर्फावरून सटकला, आणि पडता पडता कुणीतरी माझा हात धरला.

"नवीन आहेस का इथे?" तिने विचारलं.

"छे, सहा वर्षं झाली."

"मी गेल्याच महिन्यात युगांडाहून आले... आणि बघ, उभी आहे!"

अशी काही हसली ती! बस आली, गेली. दोघींनीही तिला खुशाल जाऊ दिलं.

तिचं नाव नकाटो. वर्षभर आम्ही भेटतच राहिलो. एकदा कॉफी पिताना ती म्हणाली, "आमच्याकडे दोन बायकांच्या प्रेमाला जन्मठेप आहे. नुसता संशय आला तरी घरमालक सामान रस्त्यावर टाकतो. माझ्या मैत्रिणीचा नंबर मी फोनमध्ये 'प्लंबर' म्हणून ठेवला होता."

मी हसले. तिने गमतीने मला फोन लावला, आणि माझ्या स्क्रीनवर उमटलं — 'नंदन ऑफिस'.

तिचा चेहरा उतरला. "मला तुरुंगाची भीती होती, अनुया. इथे तर आपण लग्नसुद्धा करू शकतो. तुला कुणाची भीती?"

"सीमामावशीची..."

या वेळी ती हसली नाही.

मी मावशीच्या बेसमेंटमध्ये राहते. तिला कळलं म्हणजे आमच्या नागपूरभर दवंडी! तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी नकाटोला बोलावलं, मैत्रीण म्हणून.

"येईन," ती म्हणाली, "पण प्लंबर म्हणून हे शेवटचं."

त्या दिवशी घर बायकांनी भरलेलं. टेबलावर माझा फोन वाजला, आणि मावशीने तो आधी पाहिला.

"नंदन? अगं बाई! बॉयफ्रेंड आहे आणि मला पत्ता नाही? चल, नाव घे!"

"घे, घे!" सगळ्यांनी गलका केला.

तेवढ्यात दार उघडलं. फोन कानाला लावून नकाटो दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि मान आपोआप ताठ झाली.

"बर्फावर घसरले, तिने धरला हात,
नकाटोचं नाव घेते भरल्या घरात!"

नकाटोला त्यातलं एकच कळलं होतं, स्वतःचं नाव. तिचे डोळे भरून आले.

मावशीने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग कोयरी उचलून दाराशी गेली आणि नकाटोला हळदीकुंकू लावलं.

"ऐकू नाही आलं गं," माझ्याकडे वळून ती म्हणाली. "जरा मोठ्याने घे."

मी घेतलं. थेट नागपूरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.