कुलूपने सोडलेला गोल

लाँड्रीतली पाळी संपवून ती रोजच्यासारखी चारच्या ठोक्याला हॉस्पिटलात पोचली. हातात बाबांसाठी धुतलेली चादर होती, आणि दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या. "फार तर दोन दिवस," असं म्हणून डॉक्टरांनी हात टेकले होते. त्याला आज एकोणीस दिवस झाले होते.

बाबांचे दोघे मित्र आधीच येऊन बसले होते. एक निवृत्त पोस्टमनकाका, दुसरे गणिताचे मास्तर. दोघांचंही वय स्वतः खाट धरायचं, पण भेटीची वेळ चुकवतील तर शपथ. पहिल्या दिवशी बाबांचा श्वास अडखळू लागला, तेव्हा काहीच सुचेना म्हणून या दोघांनी कुलूपच्या आठवणी काढल्या होत्या. कुलूप म्हणजे त्यांच्या तरुणपणीचा शहराच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. त्याला मरून तीस वर्षं झाली, तरी या तिघांच्या तोंडी तो रोज झेपावत होता.

"चेंडू खाली, डाव्या खांबाला लागून... आणि कुलूपने अडवला," असं पोस्टमनकाका तेव्हा म्हणाले, आणि बाबांचा थांबलेला श्वास पुन्हा सुरू झाला. तिने काकांचे पाय धरले होते. सांगत राहा, थांबू नका, असं तिनेच विनवलं होतं. आईवेगळ्या मुलीला बाबांशिवाय होतं तरी कोण?

पाचव्या दिवसापासून खाटेच्या पायथ्याशी वास येऊ लागला. ओल्या चामड्याचा, चिखलाचा, मालिशच्या तेलाचा. बाबांचा श्वास थांबायचा, वॉर्ड चिडीचूप व्हायचा, आणि उघड्या तळव्यांवर काहीतरी जड आदळल्यासारखा आवाज यायचा. धप्. मग श्वास पुन्हा चालू. आता कुणी आठवण सांगितली नाही तरी हे होतच होतं. बाबा मात्र झिजत चालले होते. पाठीला जखमा झाल्या होत्या, ओठ फाटले होते.

आज त्यांनी डोळे उघडले.

"पोरी... त्याला म्हणावं, बाजूला हो."

"कुणाला, बाबा?"

त्यांनी नुसतं पायथ्याकडे पाहिलं. "दमलो गं..."

ज्याला तिने पाया पडून बोलावून घेतलं होतं, तोच आता बाबांना जाऊ देत नव्हता. तिला बाबा हवे होते, पण असे नको होते.

"काका," ती हळूच म्हणाली, "कुलूपने सोडलेला एखादा गोल सांगा ना."



"एक होता," पोस्टमनकाका म्हणाले. "पावसातला. उजवीकडून आलेला..."

"तो ऑफसाइड होता," मास्तर म्हणाले.

"मग तो पेनल्टीचा?"

"तो पंचाने फुकट दिलेला. धरायचा नाही असं ठरलंय आपलं."

त्यांच्या कट्ट्यावर नियमच होता तसा. कुलूपवर झालेल्या गोलाचं जो नाव काढेल, त्याने त्या दिवसापुरतं उठून घरी जायचं. चाळीस वर्षं हा नियम कडक पाळला गेला. एकेक गोल आधी पंचाच्या माथी मारला गेला, मग उन्हाच्या, मग वाऱ्याच्या, आणि शेवटी साफ विसरला गेला.

"आठव की रे," पोस्टमनकाका रडकुंडीला आले. "इतकी वर्षं खेळला, एकही गोल झाला नसेल?"

"झाले असतील," मास्तर म्हणाले. "पण मला एकही दिसत नाही..." मग ते तिच्याकडे वळले. "तो नियम तुझ्या बाबांनीच केला होता गं."

धप्. खाट हलली.

शेवटी तीच बाबांच्या कानाशी वाकली. जन्मात कधी मैदान न पाहिलेल्या त्या बाईने मनानेच एक गोल रचला.

"बाबा, शेवटचं मिनिट आहे. चेंडू लांबून येतोय, उंच. कुलूपने उडी मारली... पण बोटं पोचली नाहीत. चेंडू आत गेला, बाबा. जाळं हललं..."

बाबांचा श्वास थांबला. वास विरला. आवाज आला नाही. तिने डोळे गच्च मिटले आणि मनात म्हणाली, जा आता, सुखाने जा.

आणि बाबांचे ओठ हलले. माणूस मरणाला टेकला होता, पण कुलूपबद्दल वाकडा शब्द ऐकून घेणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"छे..." ते म्हणाले. "उंच चेंडू... अडवला असता त्याने."

धप्.

तिला रडूही येईना. सहाची घंटा झाली तशी नर्स आली. पायथ्याशी मोकळी जागा होती, तरी ती तिथे वळसा घालून पलीकडे गेली. आपण तसं का केलं, हे तिचं तिलाही कळलं नसावं. बाबांची नाडी बघून तिने स्वतःचं कपाळ पुसलं.

"थकले गं बाई. एकोणीस दिवसांत या वॉर्डातून कुणी गेलेलं नाही. सगळे नुसते लटकून राहिलेत..."

मुलीने मान वर केली. रांगेतल्या सगळ्या खाटांवरची थकलेली माणसं बाबांच्या पायथ्याकडे टक लावून बघत होती. त्यातल्या काहींनी हात जोडले होते.