हर्षानं सांगितलेला महिना

"पेरूले जायचं तर जानेवारीतच जावं ना जी?"

हर्षानं मान वर केली. चंद्रपुरातली मे महिन्यातली दुपार, कूलर नुसताच घुरघुरत होता, आणि समोर घामानं निथळलेला एक उंच, सावळा तरुण उभा होता. या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात लोक यायचे ते पुण्याच्या बसचं, फार तर बोधगयेचं तिकीट काढायला. पेरू देशाचं नाव काढणारा हा पहिलाच.

"जानेवारीत तिथं धो धो पाऊस असतो," ती म्हणाली.

तो चाटच पडला. "जानेवारीत... पाऊस?"

"डिसेंबर ते मार्च. डोंगरातली पायवाट तर फेब्रुवारीत बंदच ठेवतात. जून सगळ्यात चांगला. थंडी असते, पण आभाळ अगदी मोकळं."

"जूनमध्ये थंडी?" तो मटकन खुर्चीत बसला. "आमच्या भामरागडात पावसाळ्यात पूल बुडते, रस्ता बंद. म्हणून म्हटलं, फिरायचं तर हिवाळ्यातच. गणिताचा मास्तर हाओ मी, अन् एवढं साधं चुकलो."

तो राजदीप मेश्राम. त्याच्या शाळेच्या भिंतीवर पेरूतल्या माचू पिचूचं, डोंगरमाथ्यावरच्या जुन्या नगरीचं, चित्र होतं, आणि पोरं त्याला छळायची — गुरुजी, तुम्ही पाहून आले का? हर्षाला हसू आलं. ती हसली तेव्हा त्यानं तिच्याकडे असं काही पाहिलं, की ती उगाचच स्टेपलर शोधू लागली. स्टेपलर तिच्या हातातच होता.

मग तो दर रविवारी येऊ लागला. बसनं पाच-सहा तास, आणि विचारायचं काय, तर — "तिथी स्वेटर लागन का?"

"फोनवर विचारलं असतं तरी चाललं असतं."

"नेटवर्क नाई ना जी आमच्याकडे." असं म्हणून तो पळसाच्या पानात बांधलेली टेंभरं हळूच टेबलावर ठेवायचा. जंगलातली ती पिवळी गोड फळं हर्षा दिवसभर एकेक करून पुरवून खायची. वाटेत नेटवर्क लागलं की तिथूनच त्याला फोन करता आला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

जुलैत भामरागडची पर्लकोटा नदी चढली, पूल पाण्याखाली गेला आणि राजदीप यायचा थांबला. हर्षा रोज सकाळी आधी पुराची बातमी बघायची, मग चहा घ्यायची. आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय, हे तिला त्या दिवसांत कळलं.

ऑक्टोबरात तो आला. आला तो हसतच.

"दोन तिकिटं पाह्यजेत. लग्न करून राह्यलो."

हर्षाच्या पायाखालची जमीनच सरकली. "कोण... कोण आहे ती?"

"सांगीन ना. आधी महिना सांगा. आमच्यात मुहूर्त पाहत नाई. तुम्ही म्हणाल त्या महिन्यात लग्न, अन् लगेच पेरू."

"फेब्रुवारी," हर्षा म्हणाली.

"फेब्रुवारी?"

"फेब्रुवारीच. सगळ्यात छान."

भिजा म्हणावं दोघं. अडका चिखलात आणि भांडा. राजदीप तिच्याकडे क्षणभर पाहतच राहिला, मग तिकिटं न काढताच निघून गेला. तो गेला आणि हर्षाला स्वतःचीच लाज वाटली. त्या पोरीनं आपलं काय वाकडं केलं होतं? आठवडाभर ती त्याला फोन लावत होती. फोन लागेना.

रविवारी ऑफिस सुटल्यावर ती बाजारातून घरी आली, तर दारात अनोळखी चपला. आत बाबांशेजारी एक पांढऱ्या धोतरातले गृहस्थ बसलेले, आणि कोपऱ्यात कप धरून — राजदीप.

"जय भीम बेटा. मी गुणवंतराव, याचा बाप. गावाहून, मुलचेऱ्याहून आलो. तुह्या बाबाले तेच सांगून राह्यलो, पोरीनं सोताच फेब्रुवारी ठरवला, मंग आता आम्ही काय बोलाव?"

हर्षाच्या हातून पिशवी सुटली. टमाटे गडगडत दिवाणाखाली गेले.

"तू सोता ठरवला?" देवरावांनी, तिच्या बाबांनी, हातातला कप खाली ठेवला. आई कांताबाई तर स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर पदर धरून उभ्या.

हर्षा खाली वाकली, टमाटे गोळा करायला. राजदीपही वाकला.

"मी खोटं बोलली," ती कुजबुजली. "फेब्रुवारीत तिथं पाऊस असते."

"मालूम आहे. तुम्हीच सांगतलं होतं, मे महिन्यात."

"मंग... तेव्हाच बोलले काऊन नाई?"

"एवढ्या दिवसांत तुम्ही एकबी गोष्ट चुकीची सांगतली नाई. माह्या लग्नाचं ऐकलं अन् पहिल्यांदा चुकल्या." तो थांबला. "दुसरी कोणी नव्हतीच जी. तुमच्या मनात काय आहे, हे विचाराची हिंमत नव्हती. फेब्रुवारी ऐकला, अन् तसाच बाबाकडे गेलो."

"अन् मी आठ दिवस रडली, त्याचं काय?"

"चुकलो."

"मंग बेटा," वरून गुणवंतरावांनी विचारलं, "फेब्रुवारी पक्का ना?"

हर्षा उभी राहिली. "नाई काकाजी. फेब्रुवारी नाई."

राजदीपचा चेहरा पार उतरला. आठ दिवसांच्या रडण्याची भरपाई म्हणून हर्षानं तो उतरलेला चेहरा जरा वेळ डोळे भरून पाहिला.

"मे महिन्यात ठेवा लग्न. जूनमध्ये मले यांच्यासंगं पेरूले जायचं आहे."

एवढं सगळ्यांच्या देखत आपण बोललो कसं, याचा धक्का सगळ्यांत जास्त तिलाच बसला. टमाटे तसेच टाकून ती आत पळाली.