पाठीमागे बोललेलं

आजी-आजोबांच्या घरासमोर आमची गाडी थांबली, तेव्हा एक तरुण फाटकाशी बेल वाजवत उभा होता. आमच्याकडे गारठ्यानं नळ गोठले होते आणि इथे भर हिवाळ्यात उन्हाचा चटका बसत होता. मी अजून लोकरीच्या कोटातच, घामानं निथळत. आजोबा व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते, त्या तरुणापासून दहा पावलांवर.

"पंधरा मिनिटं वाजवतोय," तो मला म्हणाला.

"त्यांना ऐकू येत नाही."

"ठाऊक आहे. मी कानाचं मशीन बसवायलाच आलोय."

"मग बेल कशाला वाजवत बसलात? फाटक नुसतं लोटलेलं आहे."

त्यानं आधी फाटकाकडे पाहिलं, मग माझ्या कोटाकडे. "तुम्हाला उकडत नाही?"

"उकडतंय. पण हात मोकळे नाहीत..."

त्यानं माझ्या दोन्ही बॅगा घेतल्या. मी कोट काढला. एवढीच आमची पहिली भेट.

दर थंडीत आम्ही इथे यायचो, हसत-खेळत. यंदा तसं नव्हतं. आजीच्या घशात गाठ निघाली होती. बारा दिवसांनी ऑपरेशन होतं, आणि त्यात स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. त्यानंतर आजीला बोलता येणार नव्हतं. आजोबांना मात्र गेली तीन वर्षं आजीचा एक शब्दही ऐकू आला नव्हता. मशीनचं नाव काढलं की ते उठून जायचे. म्हणून बाबांनीच त्या तरुणाला बोलावून घेतलं होतं.

आजोबांनी त्याची डबी न उघडताच परत सरकवली. "मशीनवाले, चहा घ्या आणि जा," म्हणाले.

तो चहा प्यायला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही.

शेवटी मी एका कागदावर लिहून आजोबांना विचारलं, "का नको?"

ते हळूच म्हणाले, "तिचा आवाज माझ्या कानात आहे, पोरी. लख्ख आहे. आता तिचा घसा पार बसलाय म्हणतात. हा आवाज ऐकला की तो जुना पुसला जाईल. मग दोन्ही गेले..."

संध्याकाळी फाटकापाशी मी ते मशीनवाल्याला सांगितलं.

"खरं आहे त्यांचं," तो म्हणाला. "याला माझ्या डबीत औषध नाही."

"मग रोज येता कशाला?"

"पहिले दोन दिवस आजोबांसाठी आलो."

मी मान खाली घातली. तो मात्र सरळ माझ्याकडे बघत होता.

"तुम्ही सगळ्यांकडे असंच बघता का?"

"बोलताना, हो. माझी आई ओठ वाचायची. तोंड वळवून बोललं तर तिला कळायचं नाही." तो थांबला. "पण ऐकताना असं बघत नाही कुणाकडे..."

पुढच्या दुपारी मी व्हरांड्यात प्रुफं तपासत बसले होते. छापखान्याचं काम सुटीतही पाठ सोडत नाही. आजोबा पाठमोरे बसून बागेकडे बघत होते. त्यांच्या मागे आजी कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि बोलत होती. त्यांच्याशी. आवाज चिरका, मध्येच तुटणारा, पण थांबत नव्हता. त्यांना ऐकू येत नाही हे तिला पक्कं माहीत होतं. मी प्रुफाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं उतरवून घेतलं, एक काना-मात्रा न बदलता. मग तो कागद आजोबांच्या हातात दिला. त्यावर आजीचे शब्द होते:

"तुमच्या चपला उन्हात आहेत. घालताना बघा, पाय पोळतील.

"पहिल्यांदा तुम्ही मला हाक मारलीत ती माझ्या बहिणीच्या नावानं. तरी मी वळले.

"दवाखान्याची मला भीती वाटते. पोरांना सांगत नाही. तुम्हाला सांगते."

आजोबांनी तो कागद दोनदा वाचला. "हे ती बोलते? रोज?"

मी मान डोलावली.

"मशीनवाल्याला बोलाव," ते म्हणाले.

तो धावतच आला. आजोबांच्या कानात मशीन बसवताना त्याची बोटं अगदी हलकी होती. सगळं घर दाराशी जमलं होतं. आजोबा आजीकडे वळले.

"बोल."

आजी गोंधळली. "आता काय बोलू? चहा टाकू का?"

आजोबांनी डोळे मिटून घेतले. आम्हाला वाटलं, आता मशीन काढून फेकतात.

"टाक," ते म्हणाले. "पण बोलत बोलत टाक."

ऑपरेशनपर्यंतचे आठ दिवस आजी बोलत होती. आई म्हणायची, जपा जरा घशाला. आजी म्हणायची, कशासाठी जपू? आजोबा तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात, बागेत, कपडे वाळत घालताना. एकदा दोघं जुन्या कुठल्याशा कारणावरून कडाकडा भांडलीसुद्धा, आणि मग दिवसभर खुशीत होती.

ऑपरेशन नीट पार पडलं. आठवड्यानं आजी घरी आली, गळ्याला पट्टी आणि हातात पाटी. पाटीवर पहिलं वाक्य तिनं आजोबांसाठी लिहिलं: "आता तुम्ही बोला." आणि आयुष्यभर कमी बोललेले आजोबा तिच्या उशाशी बसून बोलायला लागले.

आमची निघायची सकाळ उजाडली. तो बॅगा उचलायला आला होता, कुणी न बोलावता. आई गाडीत बसली. मी फाटकातच उभी राहिले.

"बाबा, मी थांबते. प्रुफं टपालानं मागवेन."

बाबांनी चष्मा पुसला. "आजीसाठी?"

"आजीसाठीही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. म्हणाले, "बरं. पोचलो की फोन करतो." आणि माझी बॅग तेवढी त्याच्याच हातात ठेवून ते गाडीत बसले.

गाडी वळणाआड गेली. तो बॅग धरून तसाच उभा.

"त्या 'ही'चा अर्थ मी काय घ्यायचा?" त्यानं विचारलं.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "अजून किती स्पष्ट बोलू?"

"एकदा पुन्हा."

मी पुन्हा सांगितलं. तो सरळ माझ्याकडे बघत ऐकत राहिला.